आमच्या पानावरच्या तारखा

वाण्याच्या वहीत आमचं एक पान आहे. डावीकडे तारीख, मध्ये जिन्नस, उजवीकडे रक्कम. गेल्या जूनमध्ये हिशोब चुकता करायला गेले तेव्हा शेठनी वही माझ्याकडे फिरवली, "वहिनी, तुम्हीच बेरीज करा" म्हणाले आणि माल उतरवून घ्यायला मागच्या दाराला गेले. मी बेरीज करायला लागले, पण नजर रकमांवर ठरेना, तारखांवरच जाऊ लागली. साखर एक किलो, 24 तारीख. तेलाची पिशवी, 27. चहा पावडर पाव किलो, 29. मागचं पान उलटलं, तिथेही 21, 23, 26, 30. महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत मी त्या दुकानाची पायरीही चढले नव्हते.

पगार होतो 1 तारखेला. पहिल्या आठवड्यात मी हायवेलगतच्या मोठ्या दुकानात जाऊन महिन्याचा किराणा भरते. तिथे उधारी नाही, त्यामुळे रोख पैसे तिकडे जातात. पैसे संपले की मी शेठकडे येते. म्हणजे माझी रोकड त्या दुकानाला आणि माझी नड शेठना, अशी वाटणी मी स्वतःच करून ठेवली होती. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली.

आम्ही बदलापूरला राहतो. घरात पाच माणसं. यांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मोठ्या दुकानात जायला लागण्याआधी मी एक महिना दोन्हीकडचे भाव वहीत लिहून काढले होते. तीन किलो तूरडाळ, पाच लीटर तेल, चार किलो साखर, शेंगदाणे, पोहे, रवा, चहा पावडर, अंगाचे साबण, कपड्यांची पावडर. शेठकडे 3,160 रुपये, तिकडे 2,740. फरक 420. येताना पिशव्या घेऊन बसने येता येत नाही, म्हणून रिक्षाचे 60 गेले. उरले 360. तेवढ्यात सासूबाईंच्या बीपीच्या आणि थायरॉईडच्या महिनाभराच्या गोळ्या येतात.

म्हणून दर दिवाळीत फोनवर फिरणारे "छोट्या दुकानदाराकडूनच खरेदी करा" असे निरोप वाचले की मला राग येतो. ते पाठवणाऱ्यांना डाळीच्या किलोमागचे 24 रुपये जाणवत नाहीत. ज्या घरात 360 रुपयांना ठरलेली जागा आहे, त्या घराला स्वस्त माल घेतल्याबद्दल कोणी अपराधी ठरवू नये. हे माझं मत त्या पानानंतरही बदललेलं नाही.

पण त्या पानावर आणखीही काही होतं. 2020 च्या मार्चअखेर यांची कंपनी बंद झाली आणि तीन महिने पगार आला नाही. शिवणाचं काम तर एकदम थांबलं. तेव्हा शेठनी एकदाही "कधी देणार?" असं विचारलं नाही. शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं, खालून पिशवी सरकवायचे आणि म्हणायचे, "लिहून ठेवतो, वहिनी." 11,840 रुपये झाले होते. ते आम्ही हप्त्याहप्त्याने फेडले, शेवटचे 2,000 पुढच्या वर्षी दिवाळीत दिले. व्याज नाही, चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. आणि हातात पुन्हा पैसा येऊ लागल्यावर मी पहिली रोकड उचलून दुसरीकडे नेली.

मोठं दुकान वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. स्वस्त विकायची त्यांची कारणं साधी आहेत. ट्रकच्या ट्रक माल थेट कंपनीकडून उचलायचा, कंपनीचे पैसे लवकर चुकते करून वर सूट मिळवायची, नफा कमी ठेवून खप वाढवायचा. शेठना यातलं एकही जमत नाही. एकदा ते मला त्याच दुकानाच्या बिलाच्या रांगेत भेटले, ट्रॉलीत साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे भरलेले. आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. मग तेच म्हणाले, "एजंट मला या भावात देत नाही, वहिनी. इथे किरकोळीत स्वस्त मिळतं." एका बिलावर साखर किती, तेल किती याची मर्यादा तिथे भिंतीवर लावलेली असते, ती आमच्यासारख्यांसाठी नसून शेठसारख्या दुकानदारांसाठी असावी, हे मला तेव्हा कळलं. 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल विकायचाच थांबवला होता, तो याच दुहेरी भावावरून. लहान दुकानदार महाग विकतो असं आपण म्हणतो, पण त्याला मिळतंच महाग.

आमच्या चाळीतली एक मुलगी अशाच एका दुकानात बिलिंगला आहे. कुठल्या ते लिहीत नाही, तिची नोकरी आहे. रविवारी ती घरी आली की आधी पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडते, घोट्याजवळ मोज्याची रेघ खोल उमटलेली असते. काउंटरला स्टूल नाही. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळालं पाहिजे, यासाठी केरळने 2018 मध्ये कायद्यात बदल केला, तमिळनाडूने 2021 मध्ये. केरळमधल्या साड्यांच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी लढल्या होत्या. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "खरंच बसतात का हो काकू, त्या आता?" मला उत्तर माहीत नव्हतं. तेव्हापासून मी रविवारी खरेदीला जात नाही, आठवड्यातल्या दुपारी जाते. सामान पट्ट्यावर ठेवताना बारकोड वर करून ठेवते, जड पिशवी बिल करणाऱ्या मुलीच्या हाताशी. यातून तिला स्टूल मिळणार नाही, मला माहीत आहे. तरी ठेवते.

वहीचा विचार मात्र मनातून जाईना. माझी मुलुंडची आत्या मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. 1975 मध्ये सुरू झालेली ही संस्था, पण तिचं दुकान म्हणून नाही. आसपासच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचा माल एका घरी उतरायचा आणि सभासदांनीच तो वाटून न्यायचा. लहानपणी आत्याच्या हॉलमध्ये मी गहू-तांदळाच्या ढिगांमध्ये बसले आहे, बायका यादी वाचून दाखवताहेत, हे मला अजून स्पष्ट दिसतं.

ऑगस्टमध्ये मी मजल्यावरच्या सहा घरांना विचारलं आणि मग शेठकडे गेले. म्हटलं, तूरडाळीचा 30 किलोचा एक कट्टा, तेलाचे 15 किलोचे दोन सीलबंद डबे, साखर आणि शेंगदाणे. पैसे 3 तारखेला रोख, सगळ्यांचे एकदम. तुम्ही किती लावाल? ते बराच वेळ कॅल्क्युलेटरवर बोटं मारत बसले. डाळ मोठ्या दुकानापेक्षा किलोला 9 रुपये जास्त पडली, 24 नाही. तेलाचा भाव जुळवायला वेळ लागला, कारण पिशवी लीटरवर आणि डबा किलोवर, आणि एक लीटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. ते धरून किलोला 7 रुपयांचा फरक निघाला. सगळं मिळून मला महिन्याला 90 रुपये जास्त जातात. साबण आणि पावडर अजूनही हायवेवरूनच आणते, पण दोन महिन्यांतून एकदा, त्यामुळे रिक्षाचे 30 वाचतात. म्हणजे खरे 60.

हे 60 रुपये मला परवडतात. सगळ्यांना परवडतील असं नाही. सहापैकी एका घराने दुसऱ्याच महिन्यात सांगितलं, ताई, आम्हाला नाही जमणार, मुलाची फी आहे. मी म्हटलं, बरं. तिच्याकडे पुन्हा विषय काढला नाही, काढणारही नाही.

वाटणी आमच्याच घरी होते. तेल ओतताना खाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, नरसाळं सासूबाई धरतात, डाळीचा काटा माझा. गेल्या महिन्यात 26 तारखेला साखर संपली म्हणून उधारीवर आणायला गेले. शेठनी वही काढली, आमचं पान उघडलं. वरच्या ओळीत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 3 तारीख, डाळ-तेल-साखर-दाणे, रोख. त्याखाली त्यांनी 26 लिहिलं, साखर एक किलो लिहिली आणि विचारलं, "पुढच्या वेळी तांदूळ पण घ्यायचे का, वहिनी? कल्याणला चांगला कोलम आलाय."