संघर्ष नव्हता, तरी ठिपका पेटला

कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या आतल्या भिंतीवर 'अँटेरिअर सिंग्युलेट' नावाचा पट्टा आहे. त्याच्या वरच्या भागावर लाल-पिवळा ठिपका उमटलेला, मेंदूच्या स्कॅनवरून काढलेला नकाशा आमच्या लॅबमध्ये तयार होता. संघर्ष असलेल्या, म्हणजे मनात दोन उत्तरं भांडतात अशा, प्रश्नांच्या वेळी तिथे जास्त हालचाल, नसलेल्यांच्या वेळी कमी. अगदी पुस्तकात असतं तसं. लॅबमध्ये सगळे खूश होते. सर मात्र नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, अवघड प्रश्नाला वेळही जास्त लागतो ना? मग हा ठिपका संघर्षाचा की वेळेचा?"

आमचा प्रयोग साधा आहे. पडद्यावर ओळीने पाच बाण दिसतात. मधला बाण ज्या बाजूला, त्या हाताचं बटण दाबायचं. आजूबाजूचे चारही बाण त्याच दिशेचे असले की काम सोपं. ते उलट्या दिशेचे असले की बोट अडखळतं. या पद्धतीला फ्लँकर टास्क म्हणतात. बार्बरा आणि चार्ल्स एरिक्सन यांनी १९७४ साली ती अक्षरं वापरून मांडली होती. अडखळणं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. पण ते जवळजवळ प्रत्येक माणसात सापडतं. स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला आजही थक्क करते: उजव्या हाताने बरोबर बटण दाबलेलं असतं, पण त्याच्या जराच आधी डाव्या हाताच्या स्नायूत बारीकसा ताण येऊन गेलेला असतो. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. दोन उत्तरं आत एकाच वेळी उभी राहतात, ती अशी.

ही ओढाताण टिपण्याचं काम अँटेरिअर सिंग्युलेट करतो, असं मॅथ्यू बॉटविनिक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं. दोन्ही उत्तरं एकदम जोर धरू लागली की इथून इशारा जातो आणि पुढच्या वेळी माणूस जास्त सावध होतो. कल्पना इतकी देखणी होती की त्यानंतर स्कॅनमध्ये तो ठिपका दिसला की 'संघर्ष' हे नाव आपोआप चिकटू लागलं. २०११ साली जॅक ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी त्यालाच हरकत घेतली. त्यांनी लोकांना नुसता लुकलुकणारा काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट दाखवला. पट नाहीसा झाला की बटण दाबायचं, एवढंच. निवड नाही, चूक व्हायला जागा नाही. तरी पट जितका जास्त वेळ दिसला, तितका त्या भागातला सिग्नल वाढला.

"आपणही पट दाखवून बघू," सर म्हणाले.

आमच्याकडे स्वतःचा स्कॅनर नाही. पुण्यातल्या एका हॉस्पिटलचं थ्री टेस्ला एमआरआय मशीन आम्हाला संध्याकाळी उशिरा, पेशंट संपल्यावर मिळतं. त्या दिवशी ज्या मुलाला बोलावलं होतं त्याच्या दातांना तारा होत्या. डोक्याच्या स्कॅनमध्ये धातूमुळे सिग्नल बिघडतो, त्यामुळे त्याला परत पाठवावं लागलं. वेळ हातात होता. मी म्हटलं, मीच झोपते. स्वयंसेवकांच्या यादीत आमचीही नावं असतात. फॉर्म भरला, जोडवी-कानातलं काढून डबीत ठेवलं, टेक्निशियनदादांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मी रोज पाहते तरी त्यांनी एकही गाळला नाही. कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, तिच्यावर तिरका आरसा. एका हातात बटणांची पेटी, दुसऱ्यात घाबरल्यास दाबायचा रबरी फुगा.

"मॅडम, हलू नका हं," इंटरकॉमवर आवाज आला, आणि मशीनची ठकठक सुरू झाली.

पट लुकलुकत होता. कधी लगेच जायचा, कधी रेंगाळायचा. गेला की मी बटण दाबत होते. आत पडल्या पडल्या मी लक्ष ठेवून होते की मनात कुठे ओढाताण होते का. काही नाही. कंटाळा होता, थोडी थंडी वाजत होती, एवढंच.

रात्री लॅबमध्ये ज्युनियर मुलीने फाइल उघडली. आधी डोकं हलल्याची दुरुस्ती, मग पट किती वेळ दिसला त्याप्रमाणे सिग्नल कुठे वाढतो त्याचा नकाशा. तिने कर्सर आमच्या 'संघर्षा'च्या जागेवर नेला आणि म्हणाली, "ताई, हे बघा." मधल्या भिंतीवर, जवळजवळ त्याच खाचेत, ठिपका होता. एका मेंदूवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण आत काहीच ओढाताण नव्हती, याची साक्षीदार मी स्वतः होते, आणि पडद्यावर माझ्याच मेंदूत संघर्षाची जागा उजळली होती. मी खुर्ची ओढून बसले.

असं का होतं, ते एफएमआरआयच्या, म्हणजे आम्ही घेतो त्या स्कॅनच्या, स्वभावात आहे. हे मशीन पेशींचं बोलणं थेट ऐकत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त वाढतं आणि तो बदल मशीन मोजतं. हा बदल पाच-सहा सेकंदांनी शिखरावर येतो. आमचे निर्णय अर्ध्या-पाऊण सेकंदाचे. त्यामुळे पेशी जास्त जोरात चालल्या की तेवढ्याच जोरात जरा जास्त वेळ चालल्या, दोन्हींचा उंचवटा सारखाच. बादली किती भरली यावरून नळ मोठा सोडला होता की जास्त वेळ सोडला होता, हे सांगता येत नाही.

"मग उत्तराला लागलेला वेळ गणितातून वजाच करून टाकू ना," ज्युनियर म्हणाली. ते तिने दहा मिनिटांत करून दाखवलं. सगळ्या गटाच्या नकाशातला ठिपका जवळपास विरून गेला.

पण इथे थांबणंही मला पटत नाही. निक येउंग, जोनाथन कोहेन आणि बॉटविनिक यांनी ग्रिनबँड यांना त्याच वर्षी उत्तर दिलं होतं, आणि त्यात तथ्य आहे. संघर्षाच्या त्यांच्या मॉडेलमध्येच उत्तराला वेळ लागला की संघर्षही जास्त साचतो. दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत. वेळ सरसकट वजा केला तर सुक्याबरोबर ओलंही जळतं.

या गाठीतून वाट काढायला नुसता नकाशा पुरत नाही. निर्णय कसा घडतो याचं मॉडेल लागतं. आम्ही वापरतो ते रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ साली मांडलेलं ड्रिफ्ट डिफ्युजन मॉडेल. मेंदू पुरावा थोडा थोडा गोळा करतो, वाटेत खालीवर होतो, आणि दोनपैकी एका उंबरठ्याला टेकला की उत्तर देतो. उशीर होण्याची कारणं मग वेगवेगळी असू शकतात: पुरावा हळू साचत असेल, उंबरठा लांब सरकवलेला असेल, किंवा डोळ्यांनी बघणं आणि बोट हलवणं यातच वेळ जात असेल. नुसत्या सरासरी वेळेवरून यातलं काही कळत नाही. वेळेचा पसारा आणि चुका एकत्र ठेवल्या की कळतं. पुरावा मंद असेल तर माणूस हळू होतो आणि जास्त चुकतो. उंबरठा उंच असेल, म्हणजे माणूस सावध असेल, तर हळू होतो, पण कमी चुकतो.

त्याच रात्री आम्ही दोन मुलांच्या फाइली शेजारी शेजारी लावल्या. उलट्या बाणांना दोघांचाही उशीर जवळपास सारखा. पण एकाच्या चुका सगळ्या त्याच्या सर्वांत झटपट उत्तरांमध्ये गोळा झालेल्या. सुरुवातीच्या क्षणी बाजूचे बाण त्याला ओढून नेत होते आणि जरा थांबला की तो सावरत होता. दुसरा मुळात घाई करतच नव्हता, चुकतही नव्हता. उशीर तोच, पण आतलं काम निराळं. पहिल्या मुलाला रॅटक्लिफ यांचं साधं मॉडेल बसत नाही, कारण त्यात पुराव्याचा वेग एका प्रश्नात कायम धरलेला असतो. त्याच्यासाठी लक्षाचा झोत हळूहळू मधल्या बाणावर आवळत नेणारं मॉडेल लागतं. २०११ मध्ये कोरी व्हाइट, रॅटक्लिफ आणि जेफ्री स्टार्न्स यांनी ते मांडलं.

आता स्कॅन मॉडेलला असा जोडतो: प्रत्येक प्रश्नाच्या वेळी सिंग्युलेटचा सिग्नल किती होता तो आकडा काढायचा, आणि त्या आकड्याबरोबर उंबरठा वरखाली होतो का, हे मॉडेललाच विचारायचं. स्कॅनरमध्ये प्रश्न मोजकेच विचारता येतात, चुका तर त्याहून कमी मिळतात, म्हणून सगळ्या स्वयंसेवकांचा अंदाज एकत्र बांधणारी बेजियन पद्धत घ्यावी लागते. ठिपका नुसता वेळेचा असेल तर उंबरठ्याशी त्याचं नातं निघण्याचं कारण नाही. सावधपणाचा असेल, तर निघायला हवं.

हा उंबरठा कागदावरचा नाही, म्हणून मी यात इतकी गुंतले आहे. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर, सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये, इलेक्ट्रोड बसवतात. कंप आणि ताठरपणा कमी होतो. पण मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की इलेक्ट्रोड चालू असताना हे रुग्ण अवघड निवडीपुढे थबकत नाहीत, उलट घाई करतात. २०११ मध्ये जेम्स कॅव्हना, फ्रँक आणि सहकाऱ्यांनी डोक्यावरून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, घेऊन त्याला मॉडेल जोडलं. एरवी कपाळामागच्या मध्यभागातली थीटा नावाची संथ लहर वाढली की उंबरठा वर जातो. इलेक्ट्रोड चालू असताना ते नातं उलटं झालं. "हल्ली पटकन काहीही ठरवून मोकळे होतात," असं घरच्यांकडून ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे तो खाली सरकलेला उंबरठा येतो.

तेव्हापासून आमचा प्रत्येक स्वयंसेवक बाणांच्या आधी तो लुकलुकणारा पट बघतो. वेळेमुळे ज्याच्या त्याच्या मेंदूत सिग्नल किती वाढतो हे आधी मोजलं जातं आणि बाणांचा हिशेब त्यानंतर होतो. स्कॅनरचं भाडं वाढलं, टेक्निशियनदादांना घरी जायला उशीर होतो. सरांनी पुढच्या अनुदानाच्या अर्जात त्या जास्तीच्या मिनिटांसाठी वेगळी ओळ घातली आहे, आणि ती कापली जाऊ नये म्हणून माझ्या स्कॅनचं चित्र सोबत जोडलं आहे.