कूलर, आरसा आणि दोन ठिकाणी दिसलेली ट्रॉली

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी प्रोजेक्टवर आहे. छताच्या चार कोपऱ्यांत चार एलईडी, प्रत्येक वेगळ्या वेगाने लुकलुकतो, २, ३, ४ आणि ५ किलोहर्ट्झ, डोळ्यांना काही कळत नाही पण खाली ट्रॉलीवर बसवलेल्या फोटोडायोडला कोणाचा उजेड किती येतोय ते बरोब्बर कळतं, आणि त्यावरून ट्रॉली खोलीत कुठे आहे ते काढायचं. घरात जीपीएस धड चालत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

तर रिव्ह्यूचा दिवस. आठवडाभर भिंतीकडच्या कोपऱ्यात उत्तर चुकत होतं आणि मी कोड उकरत बसले होते. सकाळी बाटली भरायला उठले, तर ज्युनिअर ओरडला, "ताई, हलू नका! ट्रॉली सरकली!" ट्रॉलीला कोणी हातही लावला नव्हता, स्क्रीनवरचा ठिपका मात्र चांगला वीतभर उडाला होता. कॉरिडॉरमध्ये टाइल्सचं काम चालू म्हणून मावशींनी स्टीलचा वॉटर कूलर आत आणून ठेवलेला, त्याच्या चकचकीत अंगावरून उजेड परत येत होता आणि मी मध्ये उभी राहिले की थांबत होता. जास्त उजेड म्हणजे एलईडी जवळ, एवढंच गणिताला कळतं. कोपऱ्यात मुळात थेट उजेडच कमी, त्यामुळे तिथे हे फुकटचं रिफ्लेक्शन भारी पडायचं. कूलरला पेपर चिकटवला, प्रश्न मिटला.

आणि जेवणानंतर एलईडी चालवणारं एक ड्रायव्हर बोर्ड गेलं. वास आला, संपलं. त्यावरचे दोन एलईडी बंद, उरले ते तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन. आता एका एलईडीवरून फक्त अंतर कळतं, म्हणजे एक वर्तुळ, दोन वर्तुळं एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात, आणि स्क्रीनवर दोन ट्रॉल्या! कर्णाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. पॅनेल अर्ध्या तासात येणार. सर म्हणाले, "आरसा लाव ना."

आरसा म्हणजे आमचा 'स्मार्ट रिफ्लेक्टिंग सरफेस', उजेड हवा तिकडे वळवणारा, पुढच्या टप्प्यासाठी केलेला. मोठ्या लॅबमध्ये बारीक आरशांची अख्खी रांग किंवा मेटासरफेस (अतिसूक्ष्म रचनांनी उजेड वळवणारा पातळ थर) वापरतात, आमच्याकडे तुळशीबागेतून आणलेला चौकोनी आरसा दोन सर्व्हो मोटरवर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरवर. (ग्रॅहम बेलने १८८० मध्ये आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून उजेडातून बोलणं पाठवलं होतं, सर दर वेळी सांगतात, त्या दिवशीही सांगितलं.) एरवी आरसा वळवायला ट्रॉली कुठे आहे ते आधी माहीत लागतं, म्हणजे कोंबडी आधी की अंडं. इथे मात्र जागा दोनच! आधी आरसा पार बाजूला वळवून रीडिंग घेतलं, मग पहिल्या जागेवर वळवला, स्क्रीनवरच्या आलेखात ३ किलोहर्ट्झचा, म्हणजे उरलेल्यांपैकी एका एलईडीच्या उजेडाचा खांब ढिम्म. दुसऱ्या जागेवर वळवला आणि खांब टुणकन वर! एक ट्रॉली पुसून टाकली.

पॅनेलमधल्या मॅडमनी सगळं नीट बघितलं, मान डोलावली, मग कूलरकडे बघून म्हणाल्या, "उजेड परतवायचाच प्रोजेक्ट आहे ना तुमचा? मग याला पेपर का गुंडाळलाय?"



सर माझ्याकडे बघायला लागले.