पिंगुळीच्या पोथीवरचे डाग

माझं काम फोटो काढायचं, पण लग्नाबिग्नाचे नाही. जुनी चित्रं, कागद, मूर्ती, कॅटलॉगसाठी लागतात तसले. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात लाइट, शेजारी कलर कार्ड, कॅमेरा वर टांगलेला, बस. असंच एक काम घेऊन कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो आणि रिक्षा करून पिंगुळीला गेलो.

आधी ठाकर आदिवासी कला आंगण बघितलं. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गाईंच्या गोठ्यात हे म्युझियम सुरू केलं, पुढे २०२१ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या जागेत गुरं बांधायची तिथे आता कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायच्या कलेची, पानं आहेत, आणि बघायला येणाऱ्यांना खेळही करून दाखवतात. मोठी इमारत नाही, काही नाही, तरी मी तिथे ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबलो. चामड्याची बाहुली समोरून बघितली तर नुसतं वाळकं चामडं दिसतं, पण पडद्यामागे दिवा लावला की तेच चामडं राम होतं, रावण होतं. माझ्या समोरून मारलेल्या लाइटचा तिथे काहीच उपयोग नव्हता हे तेव्हाच कळायला हवं होतं मला.

दुपारी गावातल्याच एका म्हाताऱ्या कलाकारांच्या घरी चित्रकथीची पोथी शूट करायची होती. पोथी म्हणजे पुस्तक नव्हे हां, सुटी पानं असतात, एका गोष्टीचा एक गठ्ठा, रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान. एका पानाला दोन चित्रं, पाठीला पाठ चिकटवलेली. आजोबांनी पाट पुढ्यात ठेवला, त्याला टेकवून पान उभं केलं, आधी गणपती, मग सरस्वती, आणि मग गोष्ट सुरू. वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं हे व्हायचं, त्या दिवशी साथीला कुणी नव्हतं म्हणून ते नुसतेच गायले. एक चित्र संपलं की पान उलटं, मागचं चित्र पुढे. तेव्हा डोक्यात आलं की पुण्यात राजा केळकर म्युझियममध्ये आणि इतरत्रही मी चित्रकथी बघितलीय, पण फ्रेममध्ये घातली की मागचं चित्र भिंतीकडे तोंड करून बसतं, अर्धी गोष्ट कायमची गप्प.

मग शूट केलं. सगळ्या पानांच्या खालच्या कडेला काळपट तेलकट डाग होते, काही ठिकाणी रंग पार उडालेला. मी सवयीनं म्हणालो, आजोबा काळजी करू नका, हे डाग कम्प्युटरवर काढून टाकतो. ते एकदम थांबले.

"डाग नाय रे बाबू तो. थंयसून पान धरतत."

बघितलं तर खरंच, बरोब्बर अंगठा बसेल तिथेच डाग. त्यांनी आपला अंगठा ठेवून दाखवला. म्हणाले वडलांचा पण हितंच, आज्याचा पण हितंच असणार. मला काय बोलावं सुचेना. दहा वर्षं मी लोकांच्या कागदांवरचे असले डाग स्पॉट हीलिंगनं पुसतोय, किती जणांचे अंगठे गेले असतील त्यात.

पुढे ते जे म्हणाले त्यानं मी आणखी हललो. पोथी फार जीर्ण झाली की ती पाण्यात सोडायची, विसर्जन करायचं, असा रिवाज. नवी पानं रंगवायची, जुनी नदीला. म्हणून फार जुनं हाती लागत नाही. हे कळलं आणि सकाळी बघितलेला तो गोठा मला वेगळाच वाटायला लागला, कारण जिथे झिजलेलं पाण्यात सोडायची रीत तिथे एक माणूस ते गोळा करून जपून ठेवतो, हा केवढा मोठा निर्णय असेल घरात आणि समाजात. आजोबांच्या पोथीचीही चार पानं पार विरलेली, ती पण शूट केली, सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच दिला.

फाइल पाठवताना पुढची-मागची बाजू एकाच नंबरखाली ठेवली, म्हणजे कुणी वेगळी करू नये. चार दिवसांनी क्लायंटचा मेल, खालचे डाग क्लीन करून द्याल का. फोन केला, वीस मिनिटं समजावलं, शेवटी तयार झाले, पण म्हणे कॅप्शन तुम्हीच लिहा. मी लिहिलं: खालच्या कडेला, पान धरायची जागा.