सात हजारांची गिटार आणि तिच्यातलं बदक

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम होता, पेटी, तबला आणि पहिल्यांदाच गिटार म्हणजे मी. घरी हॉलमध्ये बसून वाजवली की बरी वाटते माझी गिटार, सात हजारांच्या मानाने तर छानच, म्हणून मी निवांत होतो. साऊंडवाल्या दादाने वायर दिली, मी खुपसली, आणि पहिल्या कॉर्डला स्पीकरमधून जे काही बाहेर आलं ते ऐकून माझं मलाच कळेना की हे वाद्य कुठलं. कार्यक्रम संपल्यावर आत्याने प्रसादाची वाटी हातात देत सांगितलं, "छान वाजवतोस रे, पण ते डबडं जरा हळू लाव, पेटी ऐकूच येत नाही."

डबडं! त्या एका शब्दावर मी पुढचं वर्षभर खर्च केलंय, वेळ आणि पैसे दोन्ही, आणि पैसे आधी नको तिथे केले म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्याकडे अशी स्वस्तातली सेमी अकॉस्टिक आहे (दुकानात सगळे सेमी अकॉस्टिकच म्हणतात, खरं तर ती पिकअप, म्हणजे तारांचा आवाज वायरमध्ये पाठवणारा भाग, लावलेली अकॉस्टिक) त्यांना तो आवाज माहीत असेल. बोटांनी हळू वाजवलं तर चालून जातं, पण पिकने (तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) जोरात स्ट्रम केलं की प्रत्येक स्ट्रोकला एक प्लास्टिकचा, ताणलेलं रबर सोडल्यासारखा चटका येतो. याला इंग्रजीत क्वॅक म्हणतात, आपल्या भाषेत गिटारमध्ये बदक बसलंय.

हे बदक येतं कुठून, तर पिकअप आवाज ऐकतच नसतो. गिटारच्या पोटावर जो लाकडी ब्रिज असतो त्यात तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ते सॅडल, आणि त्याच्याखाली खाचेत एक पातळ पट्टी असते पिएझोची. पिएझोवर दाब पडला की त्यातून व्होल्टेज निघतं, क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेली गोष्ट, गॅसच्या लायटरमध्येही हाच खेळ असतो. म्हणजे ती पट्टी फक्त सॅडलचा दाब मोजते. लाकडाची पाटी हलते, पोटातली हवा घुमते, ज्याला आपण कानाने गिटार म्हणतो त्यातलं फार थोडं तिच्यापर्यंत पोचतं, आणि पिकचा फटका मात्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पोचतो. महागड्या गिटारमध्येही सॅडलखालचा पिकअप हेच करतो, फक्त तिथे फिटिंग नीट असतं आणि पुढचा प्रीअँप (पिकअपचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) दमदार असतो.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी काय केलं तर सेकंडहँड रिव्हर्ब पेडल आणलं, चार हजार गेले. म्हटलं जरा घुमेल, गोड होईल. झालं काय की बदक आता देवळाच्या गाभाऱ्यात ओरडायला लागलं.

मग एका रविवारी पेडल बाजूला ठेवलं आणि एकेक तार सुट्टी वाजवून ऐकली, सगळ्या सारख्याच जोराने. तेव्हा लक्षात आलं की वरची जाड ई दणकन येते, तिसरी आणि दुसरी म्हणजे जी आणि बी जवळजवळ गायब, पातळ ई परत कर्कश. वायर काढून वाजवलं तर सगळ्या एकसारख्या. म्हणजे घोळ प्रीअँपमध्ये नव्हता, तो सॅडल आणि पिकअप जिथे टेकतात तिथे होता. ही टेस्ट फुकट आहे, दोन मिनिटं लागतात, आणि ती मी चार हजार घालवण्याआधी का नाही केली याला उत्तर नाही.

तारा सैल केल्या, पक्कडीला फडकं गुंडाळून सॅडल वर ओढलं. खाचेत टॉर्च मारला तर पिकअपच्या पट्टीवर एक लाकडाची पापडी पडलेली, नखाएवढी पण नाही, फॅक्टरीत खाच पाडताना राहून गेलेली असणार. ती चिमट्याने काढली (पट्टीला हात लावायचा नाही, ओढायची तर अजिबात नाही, तिची वायर खालच्या भोकातून आत गेलेली असते). आणि सॅडलची खालची बाजू स्टीलच्या पट्टीवर उभी धरून उजेडासमोर बघितली तर मधोमध फट! प्लास्टिक मधे खोलगट होतं, दोन टोकांवर टेकत होतं, आणि जी आणि बी बिचाऱ्या हवेत.

घासायला एकदम सपाट जागा लागते. आमच्या घरात सगळ्यात सपाट म्हणजे ओट्याचा ग्रॅनाईट, तिथे २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटपट्टीने लावला, सॅडलच्या बुडाला पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या आणि सरळ उभं धरून एकाच दिशेने घासत गेलो. रेघा टोकांच्या आधी जातात, मधल्या राहतात, सगळ्या गेल्या की सपाट झालं समजायचं, मग ४०० नंबरने शेवटचे दहा-बारा हात. हात डुगडुगला तर बूड गोल होतं आणि आधीपेक्षा वाईट वाजतं, हा अनुभव पहिल्याच सॅडलवर घेतला. त्यामुळे बाजारातून बोनचं कोरं सॅडल आणलं आणि परत ओट्यावर बसलो. आईने विचारलं हे काय पांढरं, मी बेसावधपणे म्हटलं हाड आहे. पुढचं काम बाल्कनीत, जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर. तसंही बोन घासताना दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास येतो आणि भुकटी नाकात जायला नको, तेव्हा मास्क लावून बाहेरच बसा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सॅडल खाचेत बोटाने दाबून बसायला पाहिजे आणि बोटानेच निघायला पाहिजे, ठोकून बसवलं तर दाब पिकअपपर्यंत जात नाही आणि फार सैल असेल तर तारांच्या ओढीने पुढे कलतं. आणि बुडातून १ मिलिमीटर घासलं तर बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची बारावी धातूची पट्टी) तारांची उंची साधारण अर्धा मिलिमीटर कमी होते, तेव्हा आधी मापून घ्या. जास्त घासलं गेलं तर पिकअपच्या खाली लाकडाची पातळ पट्टी सरकवून उंची परत आणता येते.

तारा चढवल्या, वायर लावली, आणि खरं सांगतो, अर्धं बदक तिथेच उडालं. जी आणि बी परत आल्यावर कॉर्ड कॉर्डसारखी वाटायला लागली, आधी दोन टोकं ओरडत होती आणि मधे पोकळ.

राहिलेल्या अर्ध्यातलं निम्मं बॅटरीचं निघालं. आतल्या प्रीअँपला ९ व्होल्टची बॅटरी लागते, मी ती गिटार घेतल्यापासून बदललीच नव्हती कारण ट्यूनरचा दिवा लागत होता. दिवा लागतो म्हणून बॅटरी चांगली असं नसतं, मीटर लावला तर जेमतेम सात व्होल्ट. जोरात स्ट्रम केलं की पिएझो मोठा झटका देतो आणि प्रीअँपकडे तेवढी जागाच उरलेली नसते, मग तो झटका वरून कापला जातो आणि तोच तो चटका. आणि बॅटरी संपते कशी, तर वायर खुपसून ठेवल्याने. वायर खुपसायच्या त्या भोकात, जॅकमध्येच, स्विच असतो, वायर आत गेली की प्रीअँप चालू, तुम्ही वाजवा न वाजवा. मी आठवडेच्या आठवडे वायर लावून गिटार भिंतीला टेकवून ठेवायचो.

मग इक्वलायझर. दुकानातला पोरगा सगळ्यांना बास आणि ट्रेबल वर, मिडल खाली असं हसरं तोंड करून देतो, दुकानात छान वाटतं. मंडपात बासने भोंगा होतो आणि ट्रेबलने चटका वाढतो. मी आता सगळे मधे ठेवून सुरुवात करतो, ट्रेबल थोडा खाली, प्रीअँपचा व्हॉल्यूम पाऊण आणि बाकीचं साऊंडवाल्याच्या मिक्सरवर. साऊंडवाल्या दादाशी नीट बोललात तर तो करून देतो. "दादा, गिटारला ८० ला लो कट द्या आणि मिड दोन हजारच्या आसपास चार-पाच डीबी कमी करा" एवढं म्हटलं की तो पण आपल्याकडे जरा आदराने बघतो. लो कट म्हणजे त्या आकड्याखालचा आवाज कापणं. जाड ई तार ८२ हर्ट्झला असते, त्याच्या खाली आपलं काहीच नाही, फक्त पायाचा ठोका आणि स्टेजची धडधड.

मधे एक उद्योग करून बघितला तो सांगायलाच पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो होतो दुसऱ्याच कामाला, तिथे बझरमधली पितळी चकती मिळते, २७ मिलिमीटरची, चहाच्या पैशात. म्हटलं सॅडलखालचा पिकअप नुसता दाब मोजतो तर ही चकती लाकडालाच चिकटवू, महागडे ब्रिजप्लेटवाले (ब्रिजच्या खाली आतून चिकटणारे) पिकअप पण तत्त्वाने हेच करतात. आत हात घालून ब्रिजच्या खाली डबल टेपने चिकटवली आणि जॅकची वायर बाहेर काढून सरळ मिक्सरच्या लाइनला लावली. आवाज डासासारखा. कारण पिएझोला पुढे मेगोहममध्ये (म्हणजे दहा-दहा लाख ओहम रोधाचं) इनपुट लागतं, १ तरी, जास्त असेल तर उत्तम, आणि लाइन इनपुट साधारण १० किलोहमचं असतं, सगळा बास तिथेच गळून जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राने टीएल ०७२ ही चिप वापरून छोटा बफर (पिएझो आणि मिक्सरच्या मधे बसणारं सर्किट) करून दिला, इनपुटला दहा मेगोहमचा रेझिस्टर टाकला, आणि मग त्या चकतीतून खरंच लाकूड ऐकू आलं, गरम, गोल. पण त्याच्याबरोबर माझ्या शर्टाचं बटण, मनगट, घड्याळ, सगळंच ऐकू आलं. घरी रेकॉर्डिंगला ठेवलीय ती चकती, स्टेजवर नाही.

तुमच्या गिटारला आतला प्रीअँप असेल तर ही मेगोहमची काळजी तुम्हाला नाही, तो प्रीअँप त्यासाठीच असतो, गिटार मिक्सरला जोडणारा साधा पॅसिव्ह (विजेविना चालणारा) डीआय बॉक्सही चालतो. नुसता पिएझो आणि जॅक असेल तरच बफर किंवा ॲक्टिव्ह डीआय घ्या.

शेवटी आयआर. इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे गिटार माइकसमोर कशी वाजते आणि पिकअपमधून कशी येते यातला फरक एका छोट्या फाइलमध्ये भरायचा आणि पिकअपचा आवाज त्यातून गाळून घ्यायचा. मित्राचा कंडेन्सर माइक बाराव्या फ्रेटपासून वीतभर लांब ठेवला, कॉम्प्युटरला जोडायच्या ऑडिओ इंटरफेसच्या एका चॅनेलला माइक, दुसऱ्याला पिकअप, पंखा बंद, मिक्सर कुकर सगळं बंद ठेवायला सांगितलं आणि मिनिटभर गिटारच्या पूर्ण मानेवर वाजवलं. कॉम्प्युटरवर फुकट प्रोग्रॅममधून फाइल निघाली, ती माझ्या मल्टिइफेक्टच्या (एकाच डब्यात बरेच इफेक्ट) आयआरच्या जागी टाकली, आणि हेडफोनमध्ये माझी सात हजारांची गिटार माइकसमोर ठेवल्यासारखी वाजली. रात्री एक वाजता एकटाच हसत बसलो होतो.

यंदा तालमीला मंडपात तीच सेटिंग लावली आणि ए कॉर्डला जी काही शिट्टी... शिट्टी नाही, हंबरडाच. अर्थात! गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, मोकळी ए तार ११० ला, आणि माझ्या आयआरने नेमकी तीच घूम इमानदारीने परत आणून दिली होती, समोर दोन मोठे स्पीकर. हेडफोनमधला सुंदर आवाज आणि मंडपात टिकणारा आवाज हे दोन वेगळे आवाज आहेत. आयआर निम्म्यावर आणला, इक्वलायझरवर १०० ला थोडा खड्डा दिला, प्रीअँपवरचं फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण दाबून बघितलं (कधी फरक पडतो कधी नाही, त्या दिवशी पडला) आणि साऊंडहोलवर झाकण. तयार रबरी झाकणं मिळतात पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, म्हणून भाचीच्या क्राफ्टच्या सामानातली फोम शीट गोल कापून बसवली. गुलाबी होती, दुसरा रंग शिल्लक नव्हता.

जी तार अजून किंचित कमी येते, पिकअपखाली सिगारेटच्या चांदीएवढी पातळ पट्टी तिथे घालून बघणार आहे, बॅटरीवर मार्करने तारीख टाकलीय. आत्या यंदाही पहिल्या रांगेत होती. गिटारबद्दल एक अक्षर बोलली नाही, फक्त म्हणाली, "त्या भोकाला काय रे ते गुलाबी लावलंयस?"