नारिंगी दीपगृहाचे तिकीट

रविवार, रात्री

आजोबांच्या अल्बममध्ये ‘चीन, जपान वगैरे’ असे त्यांच्या हातचे शीर्षक असलेले एक पान आहे. त्या पानावरच्या बहुतेक तिकिटांची नोंद माझ्या वहीत झाली असली, तरी नारिंगी रंगाचे, दीपगृहाचे चित्र असलेले एक लहान तिकीट अजून बिननावाचे राहिले होते. त्यावर चिनी वळणाची अक्षरे आहेत आणि देशाचे नाव रोमन लिपीत कोठेही नाही. आज दुपारी ते चिमट्याने उचलून भिंगाखाली घेतले आणि त्याची ओळख पटल्याखेरीज अल्बम मिटायचा नाही, असे ठरवले.

अशा वेळी नजर आपोआप चित्रावर जाते. पण चित्रावरून देश ठरवण्याची घाई करू नये, हे मत आज अधिकच पक्के झाले. चित्रात काय दाखवायचे हे तिकीट काढणाऱ्या सरकारच्या मर्जीवर असते, तर सरकारची ओळख कडेच्या बारीक खुणांमध्ये असते. म्हणून दीपगृह बाजूला ठेवून आधी त्यावरचे फुलासारखे राजचिन्ह पाहिले. पूर्व आशियातल्या जुन्या तिकिटांवर अशी तीन चिन्हे भेटतात आणि उघड्या डोळ्यांना ती सहज सारखी वाटू शकतात. चिनी प्रजासत्ताकाच्या सूर्याला बारा किरण असतात, मांचुकुओच्या, म्हणजे ईशान्य चीनमध्ये जपानने उभ्या केलेल्या अंकित राज्याच्या, राजचिन्हात पाच पाकळ्यांचे ऑर्किड असते आणि जपानच्या सम्राटाच्या शेवंतीला सोळा पाकळ्या असतात. भिंगाखाली टाचणीच्या टोकाने, कागदाला स्पर्श न करता, एकेक पाकळी मोजत गेले. त्या सोळा भरल्या.

त्यानंतर अक्षरे पाहिली. मधोमध आडवी रेघ असलेली उभी चौकट हे सूर्याचे अक्षर, आणि ‘जपान’ या नावाची सुरुवात त्यानेच होते. आजच्या जपानी तिकिटांवर नावाचे दुसरे अक्षर या चौकटीच्या उजवीकडे असते. येथे ते डावीकडे आहे, म्हणजे ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची आहे. युद्धापूर्वीच्या तिकिटांवर अशा सात अक्षरांत ‘महान जपानी साम्राज्याचे टपाल’ असे लिहीत, आणि साम्राज्य हा शब्द व शेवंती हे दोन्ही युद्धानंतर तिकिटांवरून गेले. टपालासाठीची शेवटची दोन अक्षरेही उपयोगी पडतात. त्यांतले पहिले चीन, मांचुकुओ आणि जपान यांना समान आहे, परंतु दुसरे जपानी तिकिटांवर वेगळे असते. शिवाय ही जोडी असल्यामुळे हे महसुली तिकीट नव्हे, टपालाचेच, हेही नक्की झाले. ‘निप्पॉन’ ही रोमन अक्षरे जपानी तिकिटांवर १९६६ पासून आली, कारण देशाचे नाव रोमन लिपीतही असावे असे जागतिक टपाल संघाने त्याच्या थोडे आधी ठरवले होते; त्यामुळे ती येथे नसणे अपेक्षितच आहे.

किंमत सहा सेन आहे. शंभर सेनचा एक येन होई, आणि सेन हे चलन १९५३ च्या अखेरीस बंद झाले.

सगळ्यात बोलकी खूण मात्र अर्ध्यामुर्ध्या उमटलेल्या टपाली शिक्क्यात मिळाली. वर्तुळात बारीक उभ्या रेघांची ओळ असलेल्या या शिक्क्याला जपानी संग्राहक फणीच्या आकाराचा शिक्का म्हणतात. गावाचे नाव कडेला तुटले आहे, पण मधल्या पट्टीत ‘१५’, ‘३’ आणि ‘८’ हे आकडे स्वच्छ वाचता येतात. आपल्या सवयीने पंधरा मार्च हा दिवस वाचून उरलेल्या आठला वर्ष मानावेसे वाटते. परंतु जपानी शिक्क्यात वर्ष आधी, मग महिना आणि शेवटी दिवस असतो, आणि वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. सम्राट हिरोहितोची शोवा कारकीर्द १९२६ मध्ये सुरू झाली, म्हणून शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतो. हे पत्र ८ मार्च १९४० रोजी टपालात पडले होते.

आजोबा त्या काळी फोर्टातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. मुंबई आणि जपान यांच्यामध्ये निप्पॉन युसेन कंपनीची नियमित बोटसेवा १८९३ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी आणि जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने. तेव्हापासून जपानची पत्रे मुंबईच्या व्यापारी पेढ्यांना परकी नव्हती. १९४१ च्या डिसेंबरात जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि तो पत्रव्यवहार संपला. आजोबांनी हे तिकीट पाकिटावरून किती जपून सोडवले असेल, हे त्याच्या न दुखावलेल्या दात्यांकडे पाहून कळते.

कॅटलॉगमध्ये १९३७ पासून निघालेल्या शोवा मालिकेत हेच चित्र सापडले. काळ्या तबकडीत तिकीट पालथे ठेवून बेंझिनचा थेंब सोडला, तेव्हा वळणदार लाटांच्या रेषांचे जलचिन्हही, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, क्षणभर दिसले आणि शंका उरली नाही. पण खरे आश्चर्य दीपगृहाच्या नावात होते. ते आहे गारांबी, आणि ते जपानात नाही. चिनी भाषेत एलुआनबी म्हटले जाणारे हे टोक तैवानच्या अगदी दक्षिणेला आहे.

या दीपगृहाचा इतिहास वाचता वाचता दुपार कशी सरली ते कळले नाही. त्या किनाऱ्यालगत १८६७ मध्ये ‘रोव्हर’ हे अमेरिकन जहाज फुटले आणि किनाऱ्यावर पोहोचलेले खलाशी स्थानिक लोकांकडून मारले गेले. १८७१ मध्ये र्‍युक्यू बेटांवरच्या एका जहाजातल्या ५४ जणांवर त्याच भागात तीच वेळ आली आणि त्याचे निमित्त करून जपानने १८७४ मध्ये तैवानवर फौज पाठवली. परकी सरकारांनी तगादा लावल्यावर चीनच्या छिंग राजवटीने १८८३ मध्ये दीपगृह पुरे केले, तेही भोवती खंदक आणि भिंतीत बंदुकांसाठी भोके ठेवून, म्हणजे जवळजवळ किल्लाच. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेले, तेव्हा माघार घेणाऱ्या चिनी सैन्याने त्याची मोडतोड केली. जपान्यांनी ते १८९८ मध्ये पुन्हा उभारले, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्यावर बाँब टाकले. भिंतीतली ती भोके अजून तशीच आहेत.

हे समजल्यावर त्या मालिकेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. सहा सेनवर तैवानचे दीपगृह आहे, तर सात सेनवर कोरियातले कुमगांग पर्वत आहेत आणि वीस सेनवर फुजी. तिन्हींवर तीच शेवंती, तीच सात अक्षरे. रोजच्या पत्रावर चिकटणाऱ्या या कागदांवर जिंकलेले प्रदेश मायभूमीच्या रांगेत बसवलेले होते, आणि तैवानमधल्या माणसालाही पत्र पाठवायचे तर हीच तिकिटे विकत घ्यावी लागत. फुजीइतक्याच सहजपणे येथे दुसऱ्याच्या किनाऱ्याचे चित्र छापलेले पाहून मला वाईट वाटले, कारण आपल्याकडेही त्याच काळी प्रत्येक पाकिटावर परक्या राजाचा मुखवटा असे.

तिकीट कोठे लावायचे यावर बराच विचार केला. तैवानच्या पानावर ते शोभले असते, पण काढणारे टपाल खाते जपानचे आहे आणि संग्रहाची मांडणी त्यानेच ठरते, म्हणून ते जपानच्या पानावर शोवा मालिकेत नव्या हिंजने, म्हणजे तिकीट चिकटवायच्या डिंकाच्या कागदी पट्टीने, बसवले. खाली पेन्सिलीने लिहिले : ‘सहा सेन, गारांबी दीपगृह, तैवान, शिक्का ८ मार्च १९४०.’ शेजारी एक जागा रिकामी सोडली आहे. सात सेनचे हिरवे तिकीट आजोबांच्या अल्बममध्ये नाही. ते आता मिळवायचे आहे.