नऱ्ह्याचे टँकर गेले कुठे?

मे महिन्यातला सोमवार. टँकरच्या खेपांचा तक्ता सकाळी उघडला, तर आंबेगाव ४१, धायरी ३७, फुरसुंगी ५२ आणि नऱ्हे ०. भर उन्हाळ्यात नऱ्ह्यात एकही टँकर गेला नाही, हे पुण्यात कुणाला पटायचं नाही. मागे जाऊन पाहिलं, तर सलग सात दिवस शून्यच. आणि लॉग, म्हणजे कामाची आपोआप होणारी नोंद, स्वच्छ.

लॉग स्वच्छ असण्याचं कारण लगेच सापडलं: तक्ता भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी सगळ्या एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं गिळणाऱ्या जागी, ढकलून दिल्या होत्या. बाकी काम साधं. डेपोतून रोज भागाचं नाव, अंडरस्कोर आणि तारीख अशा नावाच्या सीएसव्ही फाइली येतात. रात्री दोन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट चालवतो. ती प्रत्येक भागासाठी त्याच्या फाइलींवरून एक फॉर लूप फिरवते, आयकॉन्व्हने एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) बदलते, निकाल ‘तयार’ फोल्डरात टाकते आणि तिथून लोडर डेटाबेस भरतो.

आलेल्या फाइलींच्या फोल्डरात जाऊन ‘एलएस नऱ्हे_*’ टाइप केलं: एलएस फाइलींची यादी देतं, आणि स्टार म्हणजे पुढे काहीही चालेल. उत्तर: अशी फाइल नाही. नुसतं एलएस केलं, तर नऱ्ह्याच्या सातही फाइली समोर हजर. मग यादीतलंच नाव कॉपी करून पेस्ट केलं, पुढे स्टार लावला, आणि सातही फाइली मिळाल्या. हाताने टाइप केलेलं नऱ्हे आणि फाइलीतलं नऱ्हे दिसायला एकच, पण शेलच्या, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी वेगळं. शेल अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचे संकेतांक जुळवतो.

दोन्ही नावं ‘ओडी -सी’मधून काढली; ती कमांड नावातले बाइट अष्टमान आकड्यांत दाखवते. आमच्या स्क्रिप्टमधल्या नावात न नंतर ३४० २४४ २६१, म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, आणि मग हलन्त. फाइलीतल्या नावात ३४० २४४ २६०, म्हणजे साधा र, मग हलन्त आणि त्यानंतर ३४२ २०० २१५. हे शेवटचे तीन बाइट म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, डोळ्यांना न दिसणारा. मराठीतला हा आडवा र या दोन्ही रीतींनी उमटतो. डेपोत आठवड्यापूर्वी संगणक बदलला, त्याबरोबर कीबोर्डही बदलला. पहिलं नाव १५ बाइटांचं, दुसरं १८. पॅटर्नमधल्या प्रश्नचिन्हांनीही पडताळता येतं: लोकॅल (भाषेचं सेटिंग) यूटीएफ-८ असेल तर एक प्रश्नचिन्ह म्हणजे एक संकेतांक, म्हणून पहिल्याला पाच लागतात, दुसऱ्याला सहा. लोकॅल सी असेल तर १५ आणि १८, कारण तिथे एक प्रश्नचिन्ह म्हणजे एक बाइट. क्रॉनमध्ये लोकॅल बसवलेलं नसतं तेव्हा नेमकं हेच होतं, आणि टर्मिनलवर चालणारा पॅटर्न रात्री चालत नाही.

पण जुळलं नाही तर लूपच फिरायला नको होता. बॅश या आमच्या शेलमध्ये मूळ सेटिंग तसं नाही. पॅटर्नशी काहीच जुळलं नाही, तर बॅश तो पॅटर्न जसाच्या तसा पुढे देतं. त्यामुळे लूप एकदा फिरला आणि फाइलीचं नाव ठरलं स्टारसकट ‘नऱ्हे_*.सीएसव्ही’. आयकॉन्व्हला अशी फाइल मिळाली नाही, ते ओरडलं, पण ते ओरडणं डेव्ह-नलमध्ये गेलं. निकालाची फाइल मात्र कमांड चालण्याआधीच शेलने उघडलेली असते. म्हणून ‘तयार’ फोल्डरात शून्य बाइटांची, नावात खराखुरा स्टार असलेली फाइल जन्माला आली. लोडरने शून्य ओळी इमानदारीत भरल्या.

ती फाइल बघून शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, “सर, ही फालतू फाइल उडवू का?” त्याचं ‘आरएम नऱ्हे_*.सीएसव्ही’, म्हणजे फाइल पुसायची कमांड, लिहूनही झालं होतं, बोट एंटरवर. कोट नसताना तो स्टार पसरला असता आणि त्याच फोल्डरातल्या नऱ्ह्याच्या आधीच्या दोन महिन्यांच्या फाइली गेल्या असत्या. आधी आरएमच्या जागी एको, म्हणजे फक्त नावं छापणारी कमांड, लावून बघितलं: ६३ नावं. मग सिंगल कोटात ‘./नऱ्हे_*.सीएसव्ही’ देऊन ती एकच काढली. सुरुवातीचं ./ हे उणे चिन्हाने सुरू होणाऱ्या नावांसाठी. इथे त्याची गरज नव्हती, पण हाताला वळण असलेलं बरं.

स्क्रिप्टमध्ये एरर लॉगकडे वळवल्या आणि फेलग्लॉब चालू केलं, म्हणजे काही न जुळल्यास बॅश ओरडतं. नलग्लॉब मुद्दाम टाळलं. त्यात न जुळलेला पॅटर्न नाहीसाच होतो: लूप शांतपणे शून्य वेळा फिरतो, आणि फाइली वाचून दाखवणाऱ्या ‘कॅट *.सीएसव्ही’चं नुसतं ‘कॅट’ होऊन ते टर्मिनलवर कीबोर्डची वाट बघत बसतं. क्रॉनमध्ये तर कीबोर्डच नाही, तिथे ते काही न बोलता संपतं.

नावं दुरुस्त करताना आधी नुसता जॉइनर काढून पाहिला. झालं काय, तर ‘नर्हे’, रफारासकट. र, हलन्त आणि जॉइनर हे तिन्ही मिळून काढून तिथे ऱ आणि हलन्त बसवावं लागतं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या मांडण्या एकसारख्या करणं) इथे कामाचं नाही: र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वेगळे असतील तर ते त्यांचा ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. जुना तुकडा स्क्रिप्टमध्ये बाइटांच्या आकड्यांनीच लिहिला, कारण एडिटरमध्ये तो दिसत नाही आणि पुढचा माणूस ‘हे दोन्ही सारखंच आहे’ म्हणून ओळ खोडून टाकेल.

नाव बदलायला ‘एमव्ही -एन’ घेतलं, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती चिरडली जात नाही. पण मग जुनी फाइल गुपचूप जागीच राहते, म्हणून शेवटी मोजणी केली. सातपैकी सहाच हलल्या होत्या. शनिवारची फाइल डेपोने जुन्या संगणकावरूनही पाठवली होती आणि ती त्याच सोमवारी दुपारी, म्हणजे सकाळचं एलएस होऊन गेल्यावर आली होती. फोन करून विचारलं. नंतरच्या फाइलीत तीन खेपा जास्त होत्या, ती धरली.