आमची वाटचाल: ठोकाठोकीपासून पीचच्या हिशेबापर्यंत

गोव्यातल्या मालीम, कुटबण जेट्टींवरच्या ट्रॉलरांचे (जाळं ओढणाऱ्या मासेमारी बोटींचे) वाकलेले पंखे, म्हणजे प्रोपेलर, सरळ करून देणं, एवढ्यावर आमचं वर्कशॉप सुरू झालं. आता पंख्याला हात लावण्याआधी आम्ही विचारतो: पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाला फेरे) किती मिळतात, गिअरबॉक्सचं रिडक्शन (फेरे किती पटीने कमी होतात ते) किती, बोट जाळं ओढते की पर्यटक नेते?

बॉसवर (पंख्याच्या मधल्या गाभ्यावर) 36 बाय 24 कोरलेलं असलं, की व्यास 36 इंच आणि पीच 24. पाणी घट्ट असतं, तर एका फेऱ्यात पंखा 24 इंच पुढे गेला असता. इंजिन 1800 आरपीएमचं आणि रिडक्शन 3:1 असेल, तर शाफ्टला 600 फेरे, म्हणजे कागदावर जवळजवळ 12 नॉट (ताशी सागरी मैल). ट्रॉलर धावतो सातच्या आसपास. मधला फरक म्हणजे स्लिप. तो दोष नव्हे. स्लिपशिवाय रेटा मिळतच नाही.

‘बोट पळायला पाहिजे, पीच वाढवा,’ ही मागणी नेहमीची. ट्रॉलरला आम्ही सहसा नाही म्हणतो. तीन नॉटने जाळं ओढताना इंजिन दबतं, काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह जळतात. ओढकामाला मोठा व्यास आणि कमी पीच हवा. पण व्यास इंचभर वाढवला, की दोन-तीन इंच पीच वाढवल्याइतका भार पडतो. शिवाय पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या साधारण 15 टक्के जागा सोडावी लागते, नाहीतर बोटीचा मागचा भाग थरथरतो. आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचं) गणित सोपं: पीच इंचभर वाढवला, की 150 ते 200 आरपीएम कमी होतात.

मँगनीज ब्राँझ थंड असताना ठोकू नये, तडे जातात. सगळीकडून सारखं तापवायचं, वाकवायचं, सावकाश निवू द्यायचं. वर पाणी ओतायचं नाही. धातू गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त गेलं, वेल्डिंगचे पैसे वाया. झिंक अॅनोड (पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) वेळेवर न बदलल्याचा हा परिणाम. पात्याच्या पाठीवर टोकाकडे खड्डे पडले असतील, तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बुडबुडे होऊन फुटल्यानं होणारी झीज. नुसते भरून उपयोग नाही, पीच आणि पात्याचं क्षेत्रफळ तपासावं लागतं.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत पंखा आणताना शाफ्टही आणा, असं आम्ही सांगतो. शाफ्टच्या निमुळत्या टोकाला, म्हणजे टेपरला, निळा रंग लावून पंखा बसवून पाहतो. निदान 70 टक्के भागाला रंग लागला पाहिजे. चावी (शाफ्ट आणि पंखा यांच्या खाचेत बसणारी पट्टी) वरून अडकत असेल, तर पंखा टेपरवर नीट बसत नाही, सगळा भार चावीवर येतो आणि खाच फाटते.